हिरोला दम लागतो का? अलीकडचे अ‍ॅक्शनपट आणि क्राइम थ्रिलर मालिका

परळकर

मंडळी, हा धागा बरेच दिवस मनात होता. पुढे 'किल', 'जॉन विक ४' आणि 'पाताल लोक'चा दुसरा सीझन यांतल्या काही घटना उघड केल्या आहेत. पाहायचं राहिलं असेल तर तेवढे परिच्छेद गाळून वाचा.

माझं म्हणणं थोडक्यात असं: मारामारीच्या सिनेमात हिरोला दम लागला पाहिजे आणि तपासाच्या मालिकेत पोलीस थकला पाहिजे. हे जिथे दिसतं तिथे मी खुर्चीत पुढे सरकतो. जिथे दिसत नाही तिथे कितीही गाड्या उडू द्यात, माझं लक्ष लागत नाही.

'वॉर २' घ्या. २०२५च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी लागला. हृतिक आणि ज्युनियर एनटीआर, दोघंही तयारीचे गडी, अंगात लय आहे, पैसा पाण्यासारखा ओतलाय. पण मागच्या हाणामारीचा शीण पुढच्या प्रसंगात कुठे जाणवतच नाही. हा माणूस हरणार नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं की पुढच्या सगळ्या उड्या नुसत्या बघायच्या. भीती वाटत नाही आणि भीती नाही तर सुटकाही नाही.

याउलट २०२४चा 'किल'. निखिल नागेश भट यांचा सिनेमा. रांचीहून दिल्लीला निघालेली ट्रेन, डब्यात चढलेली दरोडेखोरांची टोळी आणि एक कमांडो. सिनेमाचं नाव पडद्यावर येतं ते जवळजवळ अर्धा सिनेमा झाल्यावर, नायिकेचा जीव गेल्यानंतर. तोवरचा हिरो माणसांना अडवत असतो, त्यानंतरचा मारत सुटतो. पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते वेगळंच. ती टोळी म्हणजे एक कुटुंब आहे. काका, पुतणे, भाऊ. त्यांच्यातला एकेक पडतो तेव्हा बाकीचे प्रेताशी बसून रडतात. आपल्याकडे गुंड पडला की कॅमेरा पुढच्या गुंडाकडे वळतो, इथे थांबतो. आणि तो हिरो (नटाचं नाव लक्ष्य), बोगीच्या त्या अरुंद वाटेत, दोन बर्थांच्या मध्ये अडकून मार खातो, भिंतीला टेकून श्वास घेतो, परत उठतो. हात पसरायला जागाच नाही. लांब पल्ल्याच्या गाडीत रात्री बाथरूमपर्यंत जाताना किती जणांच्या पायांना आपण धडकतो ते आठवा, मग त्या मारामाऱ्यांची अडचण कळेल.

'जॉन विक ४' (२०२३) मध्ये पॅरिसच्या साक्रे-कर चर्चच्या पायऱ्या आहेत, २२२. किआनू रीव्हज लढत लढत वर पोचतच असतो आणि एका लाथेत गडगडत पार खाली येतो. थेटरात सगळ्यांच्या तोंडून एकदम 'अरे देवा' निघालं होतं. आता परत चढायचं! दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की स्वतः स्टंटमन होता, 'मेट्रिक्स'मध्ये किआनूचाच डबल. ज्याने स्वतःचं अंग फोडून घेतलंय त्याला ठाऊक असतं की पडण्यापेक्षा पडल्यावर उठणं बघण्यासारखं असतं.

दक्षिणेतला लोकेश कनगराजचा 'कैथी' (२०१९) एका रात्रीचा आहे. तुरुंगातून सुटलेला माणूस, त्याला मुलीला पहिल्यांदा भेटायचंय आणि मध्येच बेशुद्ध पोलिसांनी भरलेला एक ट्रक गळ्यात पडतो. कार्ती मधे बसून भांड्यातली बिर्याणी अशी खातो की याला वर्षानुवर्षं नीट जेवण मिळालेलं नाही हे संवादाशिवाय कळतं. भूक लागणारा हिरो! याच दिग्दर्शकाचे पुढचे सिनेमे मोठे होत गेले, नट मोठे, बंदुका मोठ्या, आणि माझ्या दृष्टीने ही भूक मात्र हरवली.

आणि आपल्या मुंबईतलं उदाहरण द्यायचं तर अनुराग कश्यपचा 'ब्लॅक फ्रायडे'. अलीकडचा नाही हे मान्य. १९९३च्या बॉम्बस्फोटांचा खटला चालू असल्याने हायकोर्टाने प्रदर्शन थांबवलं होतं, तो शेवटी २००७ला लागला. त्यातला झोपडपट्टीतला पाठलाग पुन्हा लावून बघा. पळणारा आरोपी धापा टाकतो, मागचे पोलीस त्याहून जास्त. सुटलेली पोटं, चामड्याचे बूट, निसरडी गल्ली, कमरेवर हात ठेवून उभा राहिलेला हवालदार. इतका लांब पाठलाग की आपणच दमतो. त्या एका प्रसंगातून मुंबई पोलिसांबद्दल जे कळतं ते पुढच्या डझनभर कॉप सिनेमांतून मला कळलं नाही.

आता मालिका. 'पाताल लोक'चा हाथीराम चौधरी मला या सगळ्यांत जवळचा वाटतो. जयदीप अहलावत चालतो तेव्हाच लक्षात येतं की या माणसाची बढती कधीच होणार नाहीये आणि हे त्याला ठाऊक आहे. दुसऱ्या सीझनमध्ये (जानेवारी २०२५) त्याचा एकेकाळचा ज्युनियर अन्सारी आयपीएस होऊन वरच्या हुद्द्यावर आलाय. नागालँडला दोघं एकत्र जातात. एकमेकांना काय म्हणून हाक मारायची इथून त्यांचं अवघडलेपण सुरू होतं. आणि मग मधेच अन्सारी जातो. त्यानंतर हाथीराम तपास सोडत नाही, पण प्रत्येक जिना चढताना त्याच्या खांद्यावर ते ओझं दिसतं. बदला घ्यायला निघालेला सिनेमातला हिरो दुःखाने आणखी ताकदवान होतो. हाथीराम दुःखाने जड होतो. मला हे खरं वाटतं.

तुम्हाला काय वाटतं? आणि या कसोटीवर उतरणाऱ्या आणखी मालिका सांगा.

गॅलेक्सी पहिला शो

परळकर, लेख आवडला पण मत अजिबात पटलं नाही.

मी वांद्र्याच्या गेईटी-गॅलेक्सीला सिनेमे बघत मोठा झालो. 'जवान'ला तिथे काय वातावरण होतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. मेट्रो ओलीस धरण्याचा प्रसंग, पट्ट्यांत गुंडाळलेला शाहरुख, आणि नंतर म्हातारा विक्रम राठोड बाईकवरून येतो तेव्हा शिट्ट्यांमुळे पुढचे दोन संवाद ऐकूच आले नाहीत. तिकीट परवडतं, आजूबाजूला दिवसभर पाठीवर ओझं वाहणारी, उभ्याने नोकरी करणारी पोरं असतात. दिवसभर ती दमलेलीच असतात हो! त्यांनी पडद्यावरही दमलेला माणूस का बघायचा? न दमणारा बघायलाच तर ती आलेली असतात.

तुमच्या कसोटीने मग अमिताभचे निम्मे सिनेमे बाद होतील. आणि रजनीकांत पूर्णच.

दुसरं, 'अ‍ॅनिमल'चं काय? त्यात तर हिरो मार खाऊन मरणाच्या दारात जातो, पोट सुटतं, महिनोन्महिने अंथरुणात असतो. तुमच्या हिशोबाने तो उत्तम सिनेमा झाला पाहिजे. अवांतर: उपेंद्र लिमयेंची एंट्री आणि मागे अजय-अतुलचं 'डॉल्बीवाल्या', तेव्हा आमच्या रांगेतली अमराठी पोरंही उठून नाचत होती. छाती फुगली.

परळकर

गॅलेक्सी, शिट्टीचा आनंद मला कळतो, मीही मारल्या आहेत. पण अमिताभचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. 'दीवार'मधल्या गोदामातल्या मारामारीनंतर तो बाहेर येतो तेव्हा घामाने निथळलेला असतो. तो जिंकतो, पण फुकट जिंकत नाही. हमालाचं काम केलेलं अंग वाटतं ते. म्हणून तर गिरणगावाने त्याला डोक्यावर घेतलं.

'अ‍ॅनिमल'बद्दल: हिरोला लागतं हे खरं, रणबीरने ते शरीर बदलणं ताकदीने केलंय. पण त्या हॉटेलात एवढी माणसं कापली जातात आणि त्यांचं पुढे काहीच होत नाही. ना त्यांच्या घरचं कुणी येतं, ना पोलीस, ना कोर्ट. वेदना एकाच माणसाची मोजली जाते. 'किल' मधल्या दरोडेखोरांच्या रडण्याशी हे ताडून बघा, मला काय म्हणायचंय ते लक्षात येईल. लिमये मात्र कमाल, त्यात दुमत नाही.

फोलीवाला

मी अंधेरीत साउंड पोस्टला काम करतो, म्हणून या 'दम लागण्या'बद्दल थोडं लिहितो.

पडद्यावर जो श्वास ऐकू येतो तो बहुतेक वेळा शूटिंगच्या वेळचा नसतो. अ‍ॅक्शन चालू असताना सेटवर पंखे, गाड्या, फाइट मास्टरच्या आरोळ्या असतात, तो ट्रॅक वापरता येत नाही. त्यामुळे नट नंतर डबिंगला येऊन नुसते श्वास, कण्हणं, धडपडण्याचे आवाज देतो. आम्ही त्याला इफर्ट्स म्हणतो. काही नट हे दहा मिनिटांत उरकतात. एकाच प्रकारचं 'हं', 'आह' दहा वेळा. काही जण स्टुडिओत आधी जागच्या जागी धावतात, बैठका मारतात आणि मग माइकसमोर येतात. फरक ताबडतोब कळतो. दमलेल्या माणसाचा श्वास आत जाताना अडखळतो, तो अभिनयाने फार वेळ आणता येत नाही.

ठोशाचंही तसंच. चामड्याच्या जाकिटावर मूठ, ओला टॉवेल फरशीवर, हाड मोडायचं असेल तर सेलरीचा जुडगा पिळायचा, डोकं आपटायचं असेल तर कोबी. चार-पाच थर एकावर एक चढवतो. आणि मग फायनल मिक्सिंगला बीजीएम (पार्श्वसंगीत) इतकं वर नेतात की सगळं खाली गाडलं जातं. परळकर, तुम्हाला ज्या सिनेमांत दम 'दिसत' नाही म्हणताय ना, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तो रेकॉर्ड झालेला असतो, मिक्समध्ये मारलेला असतो. ढोल वाजत असताना श्वास कुठून ऐकू येणार?

एडिटिंगचा मुद्दाही आहे. हिरोची तयारी नसेल तर दर सेकंदाला कट मारावा लागतो, कारण लांब शॉटमध्ये डबल ओळखू येतो. मग माणूस कुठून कुठे गेला, खोलीत दार कुठे होतं, काही कळत नाही. 'किल'ला कोरियन फाइट डायरेक्टर से-योंग ओ आणि आपले परवेज शेख होते, नटाची तालीम झालेली होती, म्हणून कॅमेरा थांबू शकला.

आमच्या स्टंटवाल्या पोरांसाठी एक चांगली बातमी म्हणजे ऑस्करमध्ये आता स्टंट डिझाइनचा वेगळा पुरस्कार येतोय, २०२७ला प्रदर्शित होणाऱ्या सिनेमांपासून. इतकी वर्षं लागली.

वसईची

फोलीवाला दादा, फार सुंदर माहिती. आता हेडफोन लावून परत बघणार सगळं.

कोर्टनाका

मालिकांवर थोडं माझ्या बाजूने. मी फौजदारी वकिली करते.

मला थकलेला पोलीस आवडतोच, पण बहुतेक मालिका जिथे संपतात तिथे माझं काम सुरू होतं, आणि ते संपवणं मला खटकतं. शेवटच्या भागात अंधारी खोली, टेबलावर दिवा, इन्स्पेक्टर दोन वाक्यं टाकतो आणि आरोपी रडत सगळं कबूल करतो. पडदा. अहो, पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही! जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५ तेच सांगत होतं आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ही तेच सांगतं. जबाबातून एखादी वस्तू सापडली, समजा चाकू काढून दिला, तर तेवढ्यापुरता भाग वापरता येतो. मोक्काखाली अपवाद आहे, तिथे एसपी किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला जबाब ग्राह्य धरता येतो, पण मालिकेतला इन्स्पेक्टर कुठे एसपी असतो?

म्हणजे प्रेक्षकाला वाटतं गुन्हा सिद्ध झाला. प्रत्यक्षात तिथून पंच फितूर होतात, सीडीआरचं (फोन कॉलच्या नोंदींचं) प्रमाणपत्र जोडलेलं नसतं, पंचनाम्यावरची वेळ आणि स्टेशन डायरीतली वेळ जुळत नाही, आणि सात वर्षांनी माणूस सुटतो. या सगळ्यावर कुणी मालिका केली तर मी रात्रभर जागून बघेन.

त्यातल्या त्यात मला मल्याळम 'केरळ क्राइम फाइल्स'चा पहिला सीझन (२०२३) मनापासून आवडला. एका लॉजमध्ये खून होतो आणि हातात काय, तर रजिस्टरमधला खोटा पत्ता. नाव, घराचं नाव, गाव. बस. सहा छोटे भाग आणि सगळा वेळ पोलीस त्या एका ओळीमागे दारोदार फिरतात. कुणी हुशारीचं भाषण ठोकत नाही. आमच्याकडे येणारे खरे केसपेपर असेच असतात, नव्वद टक्के पायपीट.

ब्रिटिश 'अ‍ॅडोलसन्स' (२०२५) पण. चार भाग, प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये. पहिल्याच भागात सीसीटीव्ही दाखवून खुनी कोण हा प्रश्न निकालात काढतात आणि मग उरलेले भाग 'का' आणि 'आता या घराचं काय' यावर. अटकेनंतर त्या मुलाची झडती, रक्ताचा नमुना, वकील येईपर्यंतचं थांबणं, हे सगळं कट न मारता दाखवलंय. बापाचा चेहरा बघवत नाही. अटक म्हणजे काय हे मी ज्युनियर वकिलांना समजावते तेव्हा आता हा भाग बघायला सांगते.

लाईनीतली

माझे वडील मुंबई पोलिसात हवालदार होते, निवृत्त झाले. आम्ही पोलीस लाईनीत वाढलो. हा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

घरी पप्पांसोबत 'सेक्रेड गेम्स' बघितली होती (शिव्या आल्या की आई आत जायची). पप्पांना सरताज सिंगमध्ये काही रस नव्हता. ते त्याचा हवालदार काटेकर आला की बोलायचे. जितेंद्र जोशीने काय केलंय ते काम! साहेबाच्या मागे अर्धं पाऊल ठेवून उभं राहणं, साहेब चुकतोय हे कळत असून 'हो सर' म्हणणं, घरी बायकोशी होणारी कटकट. पप्पा म्हणाले, याने कुणालातरी जवळून बघितलंय. काटेकर गेला तो भाग झाल्यावर ते उठून गॅलरीत गेले. पुढचा सीझन त्यांनी बघितला नाही.

गणपतीचे दहा दिवस पप्पा आम्हाला दिसायचेच नाहीत. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे, बूट काढताना मोजे पायाला चिकटलेले असायचे, आई गरम पाण्यात मीठ टाकून बादली ठेवायची. मुंबईत २०१६ला देवनार पोलीस ठाण्यापासून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा आमच्या लाईनीत लोक पेढे वाटायचे बाकी होते. बारा-बारा तास उभं राहिलेला माणूस चोरामागे कसा पळेल? म्हणून परळकरांनी 'ब्लॅक फ्रायडे'च्या पाठलागाचं लिहिलंय ते मला पोचलं. पोट सुटलेला हवालदार बाकीच्या सिनेमांत हसण्यासाठी असतो. तिथे तो कुणाचातरी बाप वाटतो.

गॅलेक्सी दादा, तुमचंही पटतं. पण 'सिंघम अगेन' लागला तेव्हा मी पप्पांना विचारलं जायचं का, ते म्हणाले, त्यात हवालदार कुठाय?

गॅलेक्सी पहिला शो

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. वडिलांना नमस्कार सांगा.

मीठबंदर

मराठीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? 'मानवत मर्डर्स' (२०२४). आत्मपॅम्फ्लेटवाल्या आशिष बेंडेंची. परभणी जिल्ह्यातलं सत्तरच्या दशकातलं हत्याकांड, आणि तपासाला मुंबईहून गेलेले रमाकांत कुलकर्णी, जे पडद्यावर आशुतोष गोवारीकरांनी केलेत. मला वाटलं होतं दिग्दर्शक माणूस, अवघडेल. पण तो मुंबईचा अधिकारी गावात उपरा आहे हेच त्या अवघडलेपणातून उतरलंय. सई ताम्हणकर आणि सोनाली कुलकर्णी दोघींना एका चौकटीत बघायला मजा येते. मकरंद अनासपुरेंना विनोद बाजूला ठेवून बघणं हा तर वेगळाच अनुभव.

तक्रार एकच: आठ भाग जरा जास्त झाले. मधले दोन भाग तेच तेच फिरतात.

'इन्स्पेक्टर झेंडे' ही फिल्मही आली २०२५ मध्ये, चिन्मय मांडलेकरांची. चार्ल्स शोभराजला दोनदा पकडणारे मधुकर झेंडे, १९७१ला आणि मग १९८६ला गोव्यात. मनोज वाजपेयी, भाऊ कदम, गिरिजा ओक. हलकीफुलकी केलीय. खूप जणांना ते रुचलं नाही. मला मात्र ते सरकारी खर्चाच्या विवंचनेत गोव्यात आरोपीची वाट बघत बसलेले मुंबईचे पोलीस आवडले. मोठ्या गुन्हेगाराला पकडताना जवळ पैसे किती उरलेत याची चिंता!

परळकर

लाईनीतली ताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. काटेकरबद्दल मी मूळ लेखात लिहायला हवं होतं, पण तुम्ही लिहिलंत ते माझ्याने झालं नसतं.

वकील ताई, कबुलीजबाबाचा मुद्दा फार मोलाचा. यावरून 'अर्धसत्य' (१९८३) आठवला. पानवलकरांची 'सूर्य' कथा, तेंडुलकरांची पटकथा. तिथे गुन्हा कुणी केला हे पहिल्यापासून सगळ्या ठाण्याला ठाऊक असतं. गुंड रामा शेट्टी आरामात बसलेला असतो आणि सब-इन्स्पेक्टर वेलणकरचे हात बांधलेले. सिद्ध करता न येणं हीच तिथली मारामारी. ओम पुरींच्या जबड्यात ती सतत दिसते. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली तरी त्यानंतरच्या मुंबईच्या पोलीसपटांपैकी फार थोडे त्याच्या जवळ पोचलेत.

मीठबंदर, 'मानवत'चे मधले भाग लांबतात हे खरं. पण मला ती लांबण चालली. कुलकर्णी गावात येतात तेव्हा कुणीच तोंड उघडत नाही. तेच दार, तीच माणसं, तेच 'आम्हाला काय माहीत साहेब'. दोन भाग ते ऐकून आपल्यालाही वैताग येतो आणि मग एक बाई बोलायला लागते तेव्हा कान टवकारले जातात.

कुणीतरी मला व्यक्तिगत निरोप पाठवून 'धुरंधर'बद्दल विचारलं. तीन तास चौतीस मिनिटांचा सिनेमा. अक्षय खन्नाचा रहमान मला भीतिदायक वाटला, कारण तो कधी घाई करत नाही. रणवीरनेही आवाज आवरून काम केलंय. हिंसा मात्र इतकी सलग आहे की एका टप्प्यानंतर मला काही वाटेनासं झालं. त्यातले शांत प्रसंग जास्त चांगले आहेत, दोन माणसं समोरासमोर बसून एकमेकांना जोखतात ते.

फोलीवाला, एक विचारायचं होतं. 'किल'मध्ये ट्रेनचा खडखडाट मारामारीच्या वेळी मुद्दाम कमी-जास्त केलाय का? मला काही ठिकाणी रूळ बदलल्याचा आवाज आणि ठोसा एकत्र पडल्यासारखा वाटला.

फोलीवाला

त्या सिनेमावर मी नव्हतो, त्यामुळे त्यांनी काय केलं ते सांगत नाही. पण ट्रेनच्या सीनला सगळेच हे करतात. सांधा ओलांडल्याचा ठोका हा आयता ताल असतो, त्यावर वार बसवला की संगीत नसलं तरी चालतं. आणि दार उघडलं की खडखडाट एकदम वाढतो, बंद केलं की दबतो. दाराच्या आत-बाहेर मारामारी चालू असेल तर नुसत्या आवाजावरून माणूस किती कडेला आहे ते कळतं. विरार फास्टला दारात उभं राहून डोळे मिटून बघा... नको, डोळे उघडे ठेवूनच ऐका.

वसईची

दादा, आम्ही रोज तिथेच उभ्या असतो, लेडीज डब्यात. वैतरणेच्या पुलावर आवाज बदलतो तो पण घ्या कधीतरी एखाद्या सिनेमात. पोकळ होतो एकदम. रात्री शेवटच्या डहाणू गाडीला तर अंगावर येतो. तिथे थ्रिलर अजून कुणी का केला नाही?